झाडाचं नाव बदललं, झाड तेच राहिलं

मैत्रिणींनो, आम्ही कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका. हातातली कामं थांबवू नका. तांदूळ निवडता निवडता, पिशव्यांत माती भरता भरता ऐका.

आज आम्ही रोपांच्या नावांबद्दल बोलणार आहोत. आपली घरगुती नावं तर आपल्याला पाठच आहेत. आम्ही म्हणतोय ती पाटीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, वाचताना जीभ अडखळते ती शास्त्रीय नावं. त्यांच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणत होतो. मग त्या नावांपायी आमचे बारा हजार चारशे रुपये बुडाले, आणि आम्ही कान पकडून शिकायला बसलो.

झालं असं. आमच्या गटांची मिळून एक छोटी रोपवाटिका आहे. आमच्यातल्या काहीजणी शेती करतात, काहीजणी फार्महाऊसवर माळीकामाला जातात, काहीजणी पावसाळ्यात रानभाज्या घेऊन कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात बसतात. रानातून बी गोळा करायचं, पिशव्यांत लावायचं, आणि जूनमध्ये रोपं विकायची. खैर, करंज, बहावा, पळस अशी रानातली झाडं, सोबत सोनचाफ्याची कलमं आणि कुंडीतली थोडी शोभेची रोपं. आमचा हिशोब एका रजिस्टरमध्ये असतो. एका प्रशिक्षणात मिळालेल्या जुन्या पुस्तिकेवरून आम्ही त्यात शास्त्रीय नावंही उतरवून घेतली होती, कारण फार्महाऊसवाले त्याच नावांनी विचारतात.

एका जूनमध्ये बागकामाच्या एका ठेकेदाराने मोबाईलवर यादी पाठवली. सगळी नावं इंग्रजी अक्षरांत. सेनेगालिया कॅटेचू एकशे वीस, मॅग्नोलिया चंपाका चाळीस, ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा साठ, पोंगॅमिया पिनाटा पन्नास. आम्ही रजिस्टर उघडलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवून खाली सरकत गेलो. सेनेगालिया नाही. मॅग्नोलिया नाही. ड्रॅसीना नाही, पोंगॅमिया नाही. आम्ही उलट निरोप धाडला, "यातलं आमच्याकडे काहीच नाही." त्याने दुसरीकडून माल उचलला.

पंधरा दिवसांनी त्याच फार्महाऊसवर आमच्या दोघीजणी खड्डे भरायला गेल्या. टेम्पोतून रोपं उतरली, आणि एकीने तिथूनच फोन लावला. "ताई, हा तर खैर आहे! आणि तो सोनचाफा. आपल्याकडे आहेत तेच!" आमच्या शेडमध्ये एकशे वीस खैर, चाळीस सोनचाफे, पन्नास करंज आणि कुंड्यांत साठ सर्पपर्णी तशाच उभ्या होत्या. खैराची मुळं पुढे पिशवीत गुंडाळत गेली आणि बरीच रोपं वाया गेली. ठेकेदाराची यात काही चूक नव्हती, त्याने नवी आणि बरोबर नावं लिहिली होती. आमच्या रजिस्टरमध्ये खैर होता अकॅसिया कॅटेचू, सोनचाफा मायकेलिया चंपाका, सर्पपर्णी सॅन्सेव्हेरिया आणि करंज मिलेटिया पिनाटा.

त्या महिन्याच्या बैठकीत नुसती वादावादी झाली. एकजण म्हणाली, "ही साहेबलोकांची नावं, आज एक उद्या एक. आपण आपलं खैर, चाफाच म्हणावं." दुसरी म्हणाली, "मग गिऱ्हाइकाला काय सांगणार?" दोघींचंही खरं होतं. शेवटी आम्ही वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं, चहा पाजला आणि दोन दुपारी बसून समजून घेतलं. जे कळलं ते तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द म्हणजे आडनाव आणि दुसरा म्हणजे स्वतःचं नाव असं धरा. रोजगार हमीच्या हजेरीपत्रकावर जसं आधी आडनाव येतं, तसंच. ही पद्धत पक्की केली स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी. त्यांचं वनस्पतींचं मोठं पुस्तक १७५३ साली निघालं. वनस्पतीशास्त्रात १ मे १७५३ ही तारीख सुरुवात म्हणून धरतात. १ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन, त्यामुळे आम्हांला ती लगेच पाठ झाली.

आपली नावं असताना ही कशाला हवीत? चाफ्याचंच बघा. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा. आपण सगळ्यांना चाफा म्हणतो, पण सोनचाफा आणि कवठी चाफा सोडले तर ही एकमेकांची भावकीसुद्धा नाही. पांढरा चाफा तर मूळचा अमेरिकेकडचा, आणि तोडला की त्यातून चीक येतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोनवर नुसता चाफा मागितला आणि आपण दुसराच पाठवला, तर भांडण ठरलेलं. शिवाय एकाच झाडाला ठाकूरवाडीत एक नाव, कातकरवाडीत दुसरं, देशावर तिसरं. म्हणून सगळ्या जगाला कळेल असं एक नाव लागतं.

दुसरी गोष्ट. एवढं पक्कं नाव, तर ते बदलतं का? बाईंनी तीन कारणं सांगितली.

एक कारण म्हणजे घराच्या वाटण्या किंवा एकत्र येणं. टाकळ्याची भाजी आपण पहिल्या पावसात खातो. तो टाकळा आणि आपला बहावा पूर्वी एकाच आडनावात होते, कॅशिया. पुढे अभ्यास झाला, फुलांची ठेवण तपासली आणि टाकळ्याचं घर वेगळं काढलं. बहावा कॅशिया फिस्च्युलाच राहिला, टाकळा झाला सेना टोरा. सोनचाफ्याचं उलटं झालं. त्याचं मायकेलिया हे घर कवठी चाफ्याच्या मॅग्नोलिया घरात सामील केलं. सर्पपर्णीही तशीच ड्रॅसीनाच्या घरी गेली. आता पेशीतला डीएनए तपासता येतो, त्यामुळे खरं नातं कोणाशी आणि नुसतं दिसायला सारखं कोण, हे जास्त नीट कळतं. गेल्या काही वर्षांत एवढी नावं बदलली त्याचं हे मोठं कारण.

टोमॅटोची गोष्ट तर आमच्या बायकांना फारच आवडली. लिनियस यांनी त्याला वांग्या-बटाट्याच्या घरात, सोलॅनममध्ये, ठेवलं होतं. नंतरच्या अभ्यासकाने त्याला वेगळं घर करून दिलं, लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम. खूप वर्षं पुस्तकांत तेच चाललं. मग कळलं की तो वांग्या-बटाट्याचा सख्खाच आहे. आता तो पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम. आमची एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे टोमॅटो माहेरी आला!"

दुसरं कारण म्हणजे जुन्या नावाचा मान. एकाच झाडाला दोघांनी दोन नावं दिली असतील, तर आधी रीतसर छापलेलं नाव धरायचं. पळसाला पूर्वी ब्युटिया फ्रॉन्डोसा म्हणत. पण त्याआधीचं नाव होतं मोनोस्पर्मा, म्हणजे एकच बी असलेला. पळसपापडी हातात घेऊन बघा, एकच बी असतं. म्हणून आता ब्युटिया मोनोस्पर्मा. इथे दुसरा शब्दच बदलला.

तिसरं कारण म्हणजे माणसं बसून ठरवतात ते. साधारण दर सहा वर्षांनी जगातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांची मोठी सभा भरते. आपल्या बाभळीचा निकाल तिथेच लागला. बाभूळ, हिवर, खैर आणि ऑस्ट्रेलियातली हजाराच्या आसपास झाडं, सगळी अकॅसिया या एका आडनावात होती. हे घर एक नाही असं सिद्ध झालं, तेव्हा आडनाव ठेवायचं कोणी हा प्रश्न आला. मूळ नियमाने ते बाभळीच्या बाजूला राहायचं. पण ऑस्ट्रेलियाकडची झाडं संख्येने फार, त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. २००५ साली व्हिएन्नाच्या सभेत आडनाव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला द्यायचं ठरलं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांना ते पटलं नाही, पण २०११ साली मेलबर्नच्या सभेने ते कायम केलं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर झाला सेनेगालिया कॅटेचू. रस्त्याकडेला, माळावर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकॅसियाच राहिली. म्हणजे बाहेरून आलेलीच्या नावावर घर राहिलं आणि आपलीला नवं बिऱ्हाड करावं लागलं. हे ऐकून बैठकीत जरा राग आला, खोटं कशाला सांगा.

तेव्हा आमच्या गटातली एक कातकरी आजी बोलली. ती कधी शाळेत गेली नाही, पण कोवळ्या रोपाच्या दोन पानांवरून झाड सांगते. ती म्हणाली, "खैराचं पुढचं नाव काय ते?" आम्ही म्हटलं, "कॅटेचू." "म्हणजे काय?" बाईंनी सांगितलं, "कात." आजी हसली. "मग बदललं काय? आमची जात त्या कातावरनं, आणि कात तर तिथंच हाय." खैराची लाकडं उकळून कात पाडणारे म्हणून कातकरी, काथोडी. आडनाव बदललं तरी खैराच्या नावातला कात तसाच राहिला. एवढा वेळ आम्ही वहीत काय काय लिहून घेत होतो, आणि मुद्दा आजीने सांगितला.

आजीच्या बोलण्यावरून बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही नावं सगळी साहेबांच्याच डोक्यातून आलेली नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीनला व्हॅन ऱ्हीड नावाचा डच अधिकारी होता. त्याने मलबारातल्या झाडांचे बारा खंड करवले, ते १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. माहिती दिली ती इट्टी अच्युदन या तिथल्या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. तिघांनी लिहून दिलेली साक्ष कोकणी भाषेत, आपल्या नागरी लिपीत, त्या ग्रंथात छापलेली आहे. लिनियस यांनी पुढे याच ग्रंथाचा आधार घेतला. करंजाचं पोंगॅमिया हे नाव तिथल्या लोकांच्या पोंगम या शब्दावरून आलंय. मधल्या काळात त्याला मिलेटियात ढकललं होतं, आता बरेच अभ्यासक पुन्हा पोंगॅमियाच म्हणतात. आपल्या माथेरानच्या डोंगरावरच्या कारवीच्या नावानेही एका अभ्यासकाने कार्व्हिया असं आडनाव केलं होतं, मग ती पुन्हा स्ट्रोबिलँथस झाली. फोडशीच्या भाजीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिविलियानम. त्यात मुंबईची बोरिवली आहे!

आणि एक अगदी अलीकडचं. २०२४ साली माद्रिदच्या सभेत ठरलं, की दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना हिणवायला वापरत त्या शिवीवरून आलेला कॅफ्रा हा शब्द झाडांच्या नावांतून काढायचा आणि तिथे ॲफ्रा, म्हणजे आफ्रिकेचा, असं लिहायचं. दोनशेहून जास्त नावांत हा बदल आहे. त्यात आपल्या पांगाऱ्याची एक आफ्रिकेतली बहीणही आहे. ज्यांच्या जातीचं नाव आजही कोणीकोणी शिवीसारखं उच्चारतं, त्या आमच्या बायांना यातला अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

मैत्रिणींनो, नाव बदलण्याचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे? लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत स्वतःचं नावसुद्धा बदलतात. मग आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. आमच्या एका मैत्रिणीचं कर्ज याच कारणाने दोन महिने अडकलं होतं. बाई तीच, सही तीच, पण कागद म्हणतो ही दुसरी. तिचं काम सुटलं ते दोन्ही नावं जोडणारा कागद दिल्यावर. अमुक उर्फ तमुक.

झाडांच्या शास्त्रातही हा उर्फ आहे. जुनं नाव खोडून टाकत नाहीत. नव्या नावाखाली ते पर्यायी नाव म्हणून नोंदवून ठेवतात, म्हणजे जुन्या पुस्तकातून नव्यापर्यंत वाट सापडते. आमच्या रजिस्टरमध्ये हा उर्फच नव्हता, म्हणून आमचा माल पडून राहिला.

आता आम्ही काय करतो ते नीट ऐका, वही असेल तर लिहून घ्या.

रजिस्टरमध्ये प्रत्येक झाडाला चार रकाने केलेत. पहिल्यात आपलं मराठी नाव आणि वाडीवर जे म्हणतात ते. दुसऱ्यात आजचं शास्त्रीय नाव. तिसऱ्यात उर्फ, म्हणजे जुनी सगळी नावं. चौथ्यात बी कुठल्या झाडाचं आणलं ते. पहिला रकाना शाईने भरतो, कारण तो बदलत नाही. दुसरा पेन्सिलीने. नाव बदललं की पेन्सिलीचं नाव उर्फच्या रकान्यात जातं. दरवर्षी मे महिन्यात, बी रुजत असताना, गटातल्या शिकलेल्या मुलींकडून मोबाईलवर एकेक नाव तपासून घेतो. लंडनच्या क्यू उद्यानाची जगभरच्या झाडांची यादी फुकट बघता येते. त्यात जुनं नाव टाकलं तरी नवं दिसतं.

यादी आली की पहिल्या शब्दावर थांबायचं नाही, दुसरा शब्द बघायचा. कॅटेचू, चंपाका, टोरा, निलोटिका असे शब्द जुळले तर बहुतेक आडनावच बदललेलं असतं. पण दुसऱ्या शब्दावरच विसंबूनही चालत नाही. आंबा मँगिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुनिंब ॲझॅडिरॅक्टा इंडिका. इंडिका म्हणजे भारतातली. गावात जशी घरोघरी एक लक्ष्मी असते तशी ही इंडिका, नुसती हाक मारून कोण ओ देईल सांगता येत नाही. म्हणून "नाही" म्हणायच्या आधी आम्ही फोटो मागवतो आणि आपल्या रोपाचा फोटो पाठवून विचारतो, "हेच ना?" एवढा एक प्रश्न तेव्हा विचारला असता, तर बारा हजार चारशे वाचले असते.

आणि जिथे पोटात जाणारं झाड आहे, तिथे दुप्पट काळजी. गुळवेलीचंच बघा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायचं मोठं काम उभं केलं, ते ऐकून आमच्याकडेही विचारणा होऊ लागली. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. आडनाव एकच, पण ती गुळवेल नव्हे. २०२२ साली आयुष मंत्रालयानेच सांगितलं, की या सारख्या दिसणाऱ्या वेलीने अपाय होऊ शकतो, ओळख पटवूनच घ्या. इथे नवं-जुनं असा प्रश्नच नाही, झाडंच दोन आहेत. शंका असेल तर ती वेल विकायची नाही, खायची नाही. पानासकट फांदी घेऊन जाणकाराकडे जायचं. कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे शिक्षक ओळखून देतात. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे वाळवलेले नमुने जपून ठेवलेले असतात, त्यांच्याशी ताडून बघता येतं.

शेवटचं काम सगळ्यांत मोठं. आम्ही महिन्यातून एकदा आजीला घेऊन रानात जातो. ती झाड दाखवते, नाव सांगते, पान कसं, साल कशी, वास कसा, बी कधी पडतं ते सांगते. शाळेत जाणारी मुलगी ते लिहून घेते. आमचा पहिला रकाना असा भरतोय. दुसरा रकाना मोबाईलवर कधीही मिळेल. पहिला रकाना आजीसोबत गेला तर तो कुठल्याच यादीत सापडणार नाही.

मागच्या जूनमध्ये त्याच ठेकेदाराची पुन्हा यादी आली. त्यात होतं व्हॅचेलिया निलोटिका पंचाहत्तर. आमच्या रजिस्टर सांभाळणाऱ्या मुलीने उर्फचा रकाना बघितला आणि शेडकडे तोंड करून ओरडली, "आजी, बाभळी किती आहेत?" आजी म्हणाली, "नव्वद." टेम्पो आला, पंचाहत्तर बाभळी गेल्या, पैसे गटाच्या खात्यावर जमा झाले.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपापल्या गटाचं रजिस्टर काढा आणि त्यात उर्फचा एक रकाना आखा. आणि तुमच्या वाडीवर जी आजी झाडं ओळखते, तिला पुढच्या बैठकीला हात धरून घेऊन या. तिचा चहा आमच्याकडून. रामराम.